पौंडामागे एक पेनी

प्रश्न : वेल्समधल्या कोळसा खाणींच्या गावांत कामगारांचे क्लब असत असं ऐकलं. ते मालकांनी बांधून दिले होते का? आणि तिथे दारूखेरीज दुसरं काही चालायचं का?

उत्तर : आधी दारूचं उरकून घेतो. १८८१च्या कायद्याने वेल्समधले पब रविवारी बंद झाले. सभासदांच्या क्लबांना मात्र तो कायदा लागू नव्हता. मग क्लब निघाले नसते तरच नवल!

पण त्याच गावांत दुसरीही एक जागा असे : ‘वर्कमेन्स इन्स्टिट्यूट’, लोकांच्या तोंडी नुसतं ‘स्टूट’. मी जन्मभर ग्रंथपालाची नोकरी केली, त्यामुळे माझा ओढा तिकडेच. इथे बहुधा दारू नसे. वाचनालय, वर्तमानपत्रांची खोली, बिलियर्डचं टेबल आणि गाण्या-नाटकांसाठी मोठा हॉल, असा थाट.

पैसा पगारातून यायचा. खाणीच्या कचेरीतच पौंडामागे पेनी-दोन पेनी कापून घेत. तेव्हा पौंडाच्या २४० पेन्या होत, म्हणजे रक्कम किरकोळच. पण ती दर पगाराला आणि सगळ्यांकडून यायची. ओकडेल या खाणीच्या गावातल्या स्टूटची इमारत १९१७ची. तिच्यासाठी कोळसा कंपनीने १०,००० पौंड दिले खरे, पण कर्जाऊ, आणि कामगारांनी ते फेडले. याला ‘बांधून दिलं’ कसं म्हणायचं? मालकांवर कोळशाच्या टनामागे एक पेनी कामगारांसाठी कल्याणनिधी बसला तो १९२०च्या कायद्याने, आणि तोवर कितीतरी स्टूट उभे राहिले होते.

पैसा आपला, म्हणून कमिटीही आपली. कुठलं पुस्तक घ्यायचं हे कोळसा खणणारी माणसं ठरवत. ट्रेडेगरच्या अशा कमिटीत अनायरिन बेव्हन बसत. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला हा मुलगा त्याच वाचनालयाच्या पुस्तकांवर वाढला, आणि १९४८ साली ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा आरोग्यमंत्री तोच होता.

ओकडेलची ती इमारत १९८९मध्ये उतरवून कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात पुन्हा उभारली. १९९५पासून ती पाहता येते. मी गेलो तेव्हा सवयीने आधी वाचनालयातच शिरलो. खाणी बंद पडल्या तशी बऱ्याच स्टूटांची पुस्तकं मिळेल त्या भावाने विकली गेली. जी शिल्लक राहिली त्यांतली पुष्कळशी १९७३ साली स्वॉन्झीत निघालेल्या खाणकामगारांच्या ग्रंथालयात आहेत.