"मॅडम, आमचा मुलगा पुस्तकाला हातच लावत नाही"

मे महिना आला की हीच तक्रार घेऊन कोणी ना कोणी येतंच, घर फक्त बदलतं. यावेळी भांडुपची एक आई होती, ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत. मुलगा चौथी संपवून पाचवीत जाणारा, इंग्लिश मिडीयम, धाकटी पाच वर्षांची, घरात आजोबा. ताईंनी व्हॉट्सअप ग्रुपवरची लिस्ट घेतली, दादरला जाऊन पिशवीभर मराठी पुस्तकं आणली, सुट्टीत सगळ्यांनी मिळून वाचायचं ठरवलं, आणि आठवडा व्हायच्या आत घरात रडारड. "एवढे पैसे घातले मॅडम, आणि याचं लक्ष सगळं मोबाइलमध्ये."

म्हटलं, तुम्ही वाचता कसं ते जरा सांगा. तर मुलगा मोठ्याने वाचणार, आई शेजारी बसून चुका काढणार, जोडाक्षर अडलं की "अरे आत्ताच तर होतं मागच्या पानावर", आणि शेवटी "बरं, यातून काय शिकलास?" आता ही सुट्टी की तोंडी परीक्षा तुम्हीच सांगा, मी असते तर मीही पळाले असते.

खरं तर या वयात मुलांना ऐकून जेवढं समजतं तेवढं स्वतः वाचून झेपत नाही, त्यात शाळेतला बहुतेक अभ्यास इंग्लिशमधून, मग "विद्यार्थ्यांच्या" असा शब्द आला की पोरगं तिथेच अडकतं आणि गोष्ट राहते बाजूला. म्हणून एवढंच सांगितलं की जूनपर्यंत वाचायचं मोठ्यांनी, मुलांनी नुसतं ऐकायचं, पुस्तक मुलं निवडणार, बोअर झालं तर अर्ध्यावर सोडायची परवानगी, आणि प्रश्न विचारायचे नाहीत, तात्पर्य तर अजिबात नाही.

ताई म्हणाल्या, "पण मग याचं वाचन कसं सुधारणार?" प्रश्न रास्त आहे, पण गोडीच लागली नाही तर सुधारायचं काय?

मुलाने भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे निवडला, कारण कव्हरवर सायकल होती, बस. वाचायला आजोबा. फुरसुंगीचा बन्या, म्हणजे हाच फास्टर फेणे, "ट्टॉक" करतो तिथे आजोबा खरंच टाळूला जीभ लावून ट्टॉक वाजवायचे, की नातूही वाजवणार, की आतून आई ओरडणार, जेवायला चला! एका रात्री आजोबांनी झोप आली म्हणून एक पान गाळलं तर मुलाने पकडलं आणि पुस्तक ओढून ते पान स्वतः वाचून दाखवलं, अडखळत, पण पूर्ण. त्याला कोणी शाब्बास म्हणालं नाही हे मला फार आवडलं.

धाकटीसाठी माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' सुचवलं होतं, चित्रं त्यांचीच, बघत बसावीत अशी. ती एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते ही ताईंची पुढची काळजी! मागू दे की, लहान मुलांचं असंच असतं, ओळखीचं पान आलं की त्यांना स्वतःला हुशार झाल्यासारखं वाटतं. विंदा करंदीकरांचं 'राणीची बाग' मात्र सगळ्यांचं झालं, 1961 चं कवितांचं पुस्तक आहे पण मुलं अजून हसतात, आणि नंतर भायखळ्याला खऱ्या राणीच्या बागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, जाऊन आले सगळे (बुधवारी बंद असते हं बाग). परत येताना लोकलमध्ये धाकटीने पेंग्विनवर दोन ओळी जुळवल्या, यमक भयंकर होतं असं बाबांचं म्हणणं.

नवीन पुस्तकं घ्यायलाच हवीत असंही नाही. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, मोबाइल सुटतच नसेल तर त्यावर हे उघडा.

एक गोष्ट मात्र वेगळी. चौथी-पाचवीतलं मूल मराठी आणि इंग्लिश दोन्ही वाचताना सारखंच अडखळत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, लिहायचा कंटाळा कायमचा असेल, तर तो आळस समजून ओरडू नका, तपासणी करून घ्या. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक आहे. या मुलाचं तसं काही नव्हतं.

शाळा सुरू झाल्यावर काय, असं ताईंनी परवा फोनवर विचारलं. म्हटलं रोज नाही जमणार, शनिवारी रात्री आजोबांना मोकळं ठेवा.