नोव्हेंबरातला मंगळवार

मी पियानो वाजवते, पण मंचाच्या मध्यावर नाही, कडेला. अमेरिकेत संगीताच्या कॉलेजांच्या ऑडिशनला येणाऱ्या मुलांना साथ करणं हे गेली एकोणीस वर्षं माझं काम आहे. माझा धाकटा बसून वाजवतो. म्हणजे बसून नावाचं मोठं फुंकून वाजवायचं वाद्य. "उभं राहून का नाही वाजवत?" असं सासूबाईंनी विचारलं होतं, आणि त्याला बासरीच घ्यायला लावायला हवी होती असं मला त्याच्या पहिल्या ऑडिशनपर्यंत वाटत होतं. तर या विषयात मी दोन्ही बाजूंनी पोळलेली आहे. गेल्या अंकात प्रश्न मागवले आणि पत्रं येऊन पडली. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) वाजवते. यादीत नऊ कॉलेजं आहेत. नातेवाईक म्हणतात, न्यूयॉर्कचं नावाजलेलं जुलियार्ड मिळालं तर संगीत, नाहीतर इंजिनीअरिंग. हे प्रीस्क्रीन काय असतं? आणि नऊ ठिकाणी पोचायचं कसं? – एक आई, न्यू जर्सी

ताई, आधी नातेवाइकांना चहा द्या आणि विषय बदला.

प्रीस्क्रीन म्हणजे चाळणी. अर्जासोबत मुलीचं वादन चित्रित करून पाठवायचं, ते ऐकून कॉलेज ठरवतं की प्रत्यक्ष बोलवायचं की नाही. बऱ्याच ठिकाणी शेवटची तारीख १ डिसेंबर असते, काहींची नोव्हेंबरातच. व्हायोलाला साधारणपणे बाखची एक एकट्यानं वाजवायची रचना, एखाद्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग आणि कुठे कुठे एक एट्यूड, म्हणजे सरावासाठी लिहिलेली रचना, मागतात. पण 'साधारणपणे' या शब्दावर विसंबू नका. एक कॉलेज पूर्ण भाग मागतं, दुसरं फक्त सुरुवात, तिसरं सगळं पाठ हवं म्हणतं. मोठ्या कागदावर रकाने आखा आणि सगळ्यांच्या मागण्या एकमेकींशेजारी मांडा. नऊ कॉलेजांना पुरेल असा एकच संच बहुतेक वेळा निघतो. नाही निघाला, तर जे कॉलेज एकटं वेगळं काही मागतंय ते यादीत का आहे, हे मुलीला विचारा.

रेकॉर्डिंग काटछाट न करता, एका दमात हवं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मला फोन करून "उद्या साथीला याल का?" विचारणारे पालक दरवर्षी भेटतात. साथीदार सप्टेंबरात ठरवा. खोली रिकामी, पंखा बंद, कॅमेरा मुलीचे दोन्ही हात दिसतील असा. कपडे मैफलीचे नकोत, पण झोपेतून उठून आल्यासारखेही नकोत.

नऊ ठिकाणी जाणं मात्र होणार नाही. प्रत्यक्ष ऑडिशन जानेवारी-फेब्रुवारीत असतात, म्हणजे ऐन बर्फात. रॉचेस्टरला ईस्टमन आणि ओहायोत ओबर्लिन, संगीताच्या या दोन्ही कॉलेजांकडे त्या दिवसांत विमानाच्या वेळेचा भरवसा नसतो, म्हणून एक दिवस आधी पोचा. व्हायोला सामानात टाकू नका. वरच्या कप्प्यात जागा असेल तर लहान वाद्य सोबत नेऊ द्यावं, असा अमेरिकेत २०१५ पासून नियम आहे. पण कप्पा आधी येणाऱ्याचा, तेव्हा विमानात लवकर चढा. (चेलोवाल्यांनी वेगळं तिकीट काढायचं. हो, चेलोचं. नाही, त्याला जेवण मिळत नाही.)

आता यादी कापायची कशी? नावावरून नको, शिक्षकावरून कापा. व्हायोलाचा प्रवेश कॉलेजात मिळतो त्याहून जास्त एका शिक्षकाच्या वर्गात मिळतो. त्या शिक्षकाकडून यंदा चौघं पदवी घेऊन बाहेर पडणार असतील तर चार जागा, एकच पडणार असेल तर एक. हे वेबसाइटवर नसतं, विचारावं लागतं. शरद ऋतूत त्या शिक्षकाकडे एक तास चाचणीचा धडा घेता येतो. काही जण पैसे घेतात, काही नाही. पत्र मुलीनं स्वतः लिहावं. पालकांनी लिहिलेलं पत्र त्यांना पहिल्या ओळीतच ओळखू येतं.

धड्यानंतर मुलीला "कसे वाटले सर?" असं विचारू नका. त्यांनी काय बदलायला सांगितलं आणि घरी येऊन तिनं ते करून पाहिलं का, ते विचारा. माझा मुलगा एका फार नावाजलेल्या शिक्षकाकडून परत आला तेव्हा म्हणाला, "त्यांनी खूप कौतुक केलं." दुसरीकडे एका बाईंनी तासभर त्याला चारच मात्रा वाजवायला लावल्या. गाडीत तो गप्प होता, आणि रात्री अकरापर्यंत त्याच चार मात्रा ऐकू येत होत्या. तो त्या बाईंकडे गेला.

यादीतल्या प्रत्येक कॉलेजाबद्दल मी पालकांना एक खेळ खेळायला सांगते. तिथला नोव्हेंबरातला एक मंगळवार डोळ्यांपुढे आणा. सकाळी आठला थिअरीचा वर्ग, दुपारी धडा, संध्याकाळी ऑर्केस्ट्राची तालीम, मग रियाज, मग खोली. या दिवसात कोण कोण भेटतं, मुलगी कुठे जेवते, किती चालते? जो मंगळवार तुम्हाला आणि तिला रंगवताच येत नाही, त्या कॉलेजची चौकशी अपुरी आहे.

जुलियार्डला अर्ज जरूर करा. फिलाडेल्फियाच्या कर्टिसलाही करा. तिथे १९२८ पासून कुणाकडूनच शिकवणीची फी घेत नाहीत. लॉस एंजेलिसच्या कोलबर्न कॉन्झर्व्हेटरीत (म्हणजे संगीतालाच वाहिलेल्या कॉलेजात) तर राहण्याजेवणाचाही खर्च कॉलेज उचलतं. पण या दोन्हीकडे जागा इतक्या कमी की एखाद्या वर्षी व्हायोलाची जागाच निघत नाही. त्या दोघांना लॉटरीचं तिकीट समजा, आणि बाकी चार-पाच अशी ठेवा जिथे ती आनंदानं जाईल.

एक राहिलं. ऑडिशनमध्ये परीक्षक मध्येच "थँक यू" म्हणून थांबवतात. बाहेर येऊन मुलं रडतात. मी शेजारीच बसलेली असते म्हणून सांगते, त्यांच्याकडे दर मुलामागे दहा-बारा मिनिटं असतात आणि हवं ते ऐकून झालं की ते थांबवतात. थांबवलेली कितीतरी मुलं निवडली गेलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : मुलगा चेलो वाजवतो. एका खासगी कॉन्झर्व्हेटरीनं वर्षाला ३०,००० डॉलर स्कॉलरशिप दिली आहे, आमच्याच राज्यातल्या विद्यापीठाच्या संगीत विभागानं फक्त ६,०००. पहिलीकडे त्याची किंमत कळली असं घरात सगळ्यांना वाटतं. उत्तर १ मेपर्यंत द्यायचं आहे. – एक वडील, टेक्सास

तुम्ही दोन्ही पत्रं पाठवलीत, हे फार बरं केलंत. स्कॉलरशिपचा आकडा झाका आणि खालचा बघा. कॉन्झर्व्हेटरीचा फी, खोली, जेवण धरून खर्च ७८,०००. विद्यापीठाचा ३१,०००. म्हणजे पहिल्या वर्षी तुमच्या खिशातून एकीकडे ४८,००० आणि दुसरीकडे २५,०००. किंमत कुणी केली ते आता बोला.

गोष्ट इथे संपत नाही. फी दरवर्षी वाढते, आणि तुमच्या पत्रात स्कॉलरशिप "दरवर्षी ३०,०००" अशी बांधलेली आहे. मी ४ टक्के वाढ धरून मांडलं. चौथ्या वर्षी कॉन्झर्व्हेटरीत तुम्ही सुमारे ५७,७०० भरत असाल. चार वर्षांचे एकूण सुमारे २,११,२००, आणि विद्यापीठात १,०७,६००. फरक एक लाखाच्या वर.

हा फरक कर्जानं भरू म्हणाल, तर मुलाच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरच मिळतं. उरलेलं पालकांच्या नावावरचं पॅरेंट प्लस. त्यावर १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आहे. त्याच तारखेपासून पदव्युत्तर शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांना बंद आहे. ऑर्केस्ट्रात जायचं स्वप्न असलेली बहुतेक मुलं पुढे मास्टर्स करतात. सगळी पुंजी पहिल्या चार वर्षांत संपवलीत तर मास्टर्सच्या वेळी काय? (येलचं स्कूल ऑफ म्युझिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून फी घेत नाही. २००५ साली १० कोटी डॉलरची देणगी मिळाली, तेव्हापासून. पण तेही लॉटरीचंच तिकीट.)

तरी मुलाचा जीव त्या कॉन्झर्व्हेटरीतल्या शिक्षकातच अडकला असेल, तर मागा. लाजू नका, यात भीक मागणं काही नाही. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून तुम्ही आर्थिक साहाय्य कार्यालयाला लिहा, आणि मुलानं शिक्षकांना स्वतंत्र दोन ओळी लिहाव्यात, की मला तुमच्याकडेच शिकायचंय पण घरचं गणित बसत नाही. शिक्षक आतून शब्द टाकू शकतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करा. महिनाअखेर तिजोरीत काही उरत नाही.

मागताना अटी लेखी विचारा. किती सरासरी गुण राखावे लागतात? ऑर्केस्ट्रा सोडला तर पैसे जातात का? संगीतातून दुसऱ्या विषयाकडे वळला तर? आठ सत्रांनंतर काय? ओबर्लिनसारख्या ठिकाणी संगीत आणि दुसरा विषय अशा दोन पदव्या पाच वर्षांत होतात. तसं काही मनात असेल तर पाचव्या वर्षाचं आत्ताच विचारा. माझ्या मुलाच्या वेळी एका कॉलेजच्या पत्रात "नूतनीकरणयोग्य" असा गोड शब्द होता. फोन केल्यावर कळलं, दरवर्षी पुन्हा ऑडिशन! आम्ही फोन ठेवला आणि ते नाव खोडलं.

आणि स्कॉलरशिपचा जो भाग खोली-जेवणाला जातो तो करपात्र उत्पन्न असतो. हे मला आमच्या सीएंनी सांगितलं, तेही एप्रिलमध्ये, उशिरा.

एच-फोर व्हिसावरच्या (म्हणजे एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्यांच्या) मुलांबद्दल तिघांनी विचारलंय, ते इथेच उरकते. केंद्र सरकारची मदत नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच, व काही ठरावीक इतरांना. एच-फोर त्यात नाही. संगीताची स्कॉलरशिप मात्र कॉलेज स्वतःच्या पैशातून देतं, तिला बहुधा व्हिसा आड येत नाही. पण एच-फोरवर कॅम्पसवरची नोकरीही करता येत नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की तो व्हिसाच राहत नाही. पदवीच्या मधल्या वर्षात ही वेळ येते. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, कधी जायचं हे पहिल्या वर्षीच वकिलाला विचारा.

प्रश्न : मुलगा दहा वर्षं तबला शिकतोय, बोटं फार तयार आहेत. पर्कशनला (तालवाद्यांना) अर्ज करावा का? – कॅलिफोर्निया

नुसत्या तबल्यावर नाही जमायचं. पर्कशनच्या ऑडिशनला स्नेअर ड्रम, टिंपनी आणि मरिंबासारखं सुरांच्या पट्ट्यांचं वाद्य वाजवावं लागतं, तेही नोटेशन वाचून. त्याची लय त्याला हात देईल, पण मरिंबासमोर उभं राहिल्यावर तो पहिल्या इयत्तेत असेल. दोन वर्षं हातात असतील तर आजच शिक्षक शोधा. नसतील तर त्याला दुसरा विषय घेऊ द्या आणि तबला सुटू देऊ नका.

प्रश्न : प्रवेश झाला, शिक्षक मिळाले, पैशाचं जमलं. आता मुलगी म्हणते संगीतवाल्यांच्या होस्टेलात राहणार नाही, ऑनर्स होस्टेलात (सगळ्या विषयांच्या हुशार मुलांच्या) राहीन. फॉर्म या आठवड्यात भरायचा आहे. ओबो नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवते. – एक आई, मिशिगन

तिला राहू द्या, असं पटकन म्हणावंसं वाटतं. दिवसभर ज्यांच्याशी तुलना होते त्यांच्याचबरोबर रात्री दात घासायचे, हे सगळ्यांना झेपत नाही. माझ्या मुलाचा रूममेट भूगर्भशास्त्राचा होता आणि त्याला मेजर-मायनर सूर काही कळत नव्हते. त्या वर्षी आमच्या घरच्या फोनवर सगळ्यांत जास्त हसू त्याच्यामुळे आलं.

पण आधी पहिल्या उत्तरातल्यासारखा तिथला मंगळवार डोळ्यांपुढे काढा. तालीम साडेनऊला सुटते आणि भोजनगृह आठला बंद होतं का? असेल तर रात्री उघडं राहणारं दुसरं काय आहे, आणि जेवणाचा प्लॅन तिथे चालतो का? ऑनर्स होस्टेलपासून रियाजाच्या खोल्या किती लांब? नकाशावर नाही, मिशिगनच्या जानेवारीत, पाठीवर ओबो घेऊन. वीस मिनिटं असतील तर रात्री दहानंतरचा रियाज फेब्रुवारीत बंद पडतो. मग संगीत इमारतीत लॉकर मिळतो का आणि रात्री तिथली खोली कधी बंद होते, हे दोन प्रश्न आणखी. (काही ठिकाणी हा पर्यायच नसतो. जुलियार्डमध्ये पहिल्यांदा कॉलेजात येणाऱ्यांनी पहिलं वर्ष त्यांच्याच होस्टेलात काढायचं असतं.)

खोलीचं दुसरं संकट हवेचं. हिवाळ्यात हीटर चालू झाला की होस्टेलची खोली वाळवंट होते आणि ओबोच्या लाकडाला चीर जाते. पेटीत ओलावा राखणारी डबी आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा, काटा ४० टक्क्यांच्या खाली उतरू देऊ नका. वाद्याचा विमा वेगळा उतरवा. घराच्या विम्यात आलं असेल असं गृहीत धरू नका.

आणि ओबोवाल्यांचं खास. ती स्वतःची रीड (वाद्याच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी) तासते, म्हणजे तिच्याकडे धारदार सुरी आहे. होस्टेलच्या नियमांत सुरीला सहसा मनाई असते. बसूनलाही रीड लागते, आणि आमच्याकडे पहिल्याच महिन्यात तपासणीत सुरी सापडली आणि पोराला दोन कार्यालयांत जाऊन बसून हे वाद्य काय आहे ते समजावावं लागलं. रीड तासायची खोली संगीत इमारतीत आहे का ते विचारा, सुरी तिथल्या लॉकरमध्येच राहू द्या, आणि होस्टेलच्या वॉर्डनला ऑगस्टमध्येच एक ईमेल टाकायला सांगा.