वाचकांचे प्रश्न : थंड समुद्रातील बुडालेली जहाजे

प्रश्न : मी उष्ण प्रदेशातील समुद्रात स्कूबा डायव्हिंग शिकलो असून १८ मीटर खोलीपर्यंतचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत, स्कापा फ्लो येथे बुडालेल्या जर्मन युद्धनौका पाहण्याची इच्छा आहे. जाड वेटसूटवर (आत पाणी शिरू देणारा, निओप्रीन या फेसाळ रबराचा पोशाख) भागेल का, की ड्रायसूटच (पाणी आत येऊ न देणारा पोशाख) घ्यावा लागेल?

उत्तर : ड्रायसूटच घ्यावा, मात्र त्याआधी खोलीचा विचार करावा लागेल. पहिल्या महायुद्धानंतर तेथे नजरकैदेत ठेवलेले जर्मन आरमार २१ जून १९१९ रोजी अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या आदेशावरून त्याच्याच खलाशांनी बुडवले. ७४ जहाजांपैकी ५२ तळाला गेली, त्यांतील बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढण्यात आली, आणि आज प्रामुख्याने तीन मोठ्या युद्धनौका व चार हलक्या क्रूझर (युद्धनौकांहून लहान लढाऊ जहाजे) पाहायला मिळतात. क्रूझर साधारण २५ ते ३६ मीटरवर आहेत. युद्धनौका त्याहून खोल, आणि तोफांच्या अवजड बुरुजांमुळे उलट्या होऊन पडलेल्या आहेत. तेव्हा आपल्या सध्याच्या प्रमाणपत्रावर हा बेत आखू नये, अधिक खोलीचे प्रशिक्षण आधी पुरे करावे.

आता गारठ्याकडे वळू. तेथील पाणी हिवाळ्याच्या अखेरीस ६-७ अंश सेल्सिअस आणि उन्हाळ्याच्या शेवटी १३-१४ अंशांच्या आसपास असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. वेटसूटची ऊब निओप्रीनमधील वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांवर अवलंबून असते. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट झाला की ते बुडबुडे दबतात आणि नेमकी गरज असते तेव्हाच सूट पातळ होतो. ड्रायसूटमध्ये आतले कपडे कोरडे राहतात आणि छातीवरील व्हॉल्व्हमधून वायू भरून दाबाचा परिणाम भरून काढता येतो. पण हाच वायू नवख्याला अडचणीत आणतो. डोके खाली गेले की तो पायांकडे धावतो, पाय वर उचलले जातात, खांद्यावरील व्हॉल्व्हपर्यंत वायू पोहोचत नाही आणि माणूस वेगाने वर खेचला जातो. यातून सावरण्याचा सराव उथळ पाण्यात, प्रशिक्षकासमवेतच करावा. जाड हातमोजे घालून प्रत्येक क्लिप व बकल चाचपूनही पाहावे.

गारठ्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. तळाशी शरीर उबदार असताना ऊतींत नायट्रोजन भराभर मुरतो, आणि वर येताना हातपाय गारठले की रक्ताभिसरण मंदावून तो सावकाश बाहेर पडतो; अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन आजार होण्याचा धोका त्यामुळे वाढतो. म्हणून विजेवर तापणारे जाकीट वापरणाराने त्याची ऊब वर येतानाच्या थांब्यांसाठी (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलीवर थांबणे) राखून ठेवावी, तळाशी जोरात तापवून मध्येच बॅटरी संपू देऊ नये.

प्रश्न : पाणी गोठणबिंदूच्या वर असूनही रेग्युलेटर (सिलिंडरमधील वायू श्वासासाठी योग्य दाबाने देणारे उपकरण) गोठतो, असे ऐकले. ते कसे?

उत्तर : सिलिंडरमधील वायू सुमारे २०० बारवरून (बार म्हणजे दाबाचे एकक) एकदम १० बारच्या आसपास उतरतो तेव्हा तो प्रसरण पावून कमालीचा थंड होतो आणि रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याभोवती (सिलिंडरला जोडलेल्या भागाभोवती) बर्फ धरू शकतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला की वायू अखंड वाहू लागतो आणि सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. थंड पाण्यासाठी बनवलेला, बाहेरून बंदिस्त रेग्युलेटर वापरावा आणि श्वास घेत असतानाच तरंगण्यासाठीचे जाकीट व सूट दोन्हींत वायू भरू नये. तरीही प्रवाह सुरू झालाच, तर दुसऱ्या, स्वतंत्र स्रोतावर जाऊन तो सिलिंडर बंद करावा.

प्रश्न : अवशेषांजवळ पडलेली एखादी किरकोळ वस्तू आठवण म्हणून आणता येईल का?

उत्तर : नाही. त्या सातही जहाजांना २००१ पासून संरक्षित स्मारकाचा दर्जा असून तेथून काहीही उचलणे गुन्हा ठरतो. त्याच उपसागरात १४ ऑक्टोबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलेली 'रॉयल ओक' ही ब्रिटिश युद्धनौका आहे. तीत ८०० हून अधिक खलाशी मरण पावले. ती युद्धसमाधी मानली जाते आणि विनापरवाना तेथे उतरण्यास बंदी आहे. बोट ठरवतानाच कोणत्या जहाजांवर उतरायचे आहे, हे चालकाकडून पक्के करून घ्यावे.