फाइल बरोबर आहे, मधला संगणक तपासा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. प्राटमध्ये (ध्वनी तयार करण्याच्या आणि तपासण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) ७० डेसिबलला बसवलेला १००० हर्ट्झचा टोन लॅबमधल्या एका संगणकावर मोठा आणि शेजारच्यावर हळू ऐकू येतो, आणि तीव्रतेतला फरक ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात मुलांना ६ डेसिबलचाही फरक कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे हेच झालं होतं, आणि त्यात एका विद्यार्थिनीचं सत्र वाया गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मध्यम पातळीच्या टोनमध्ये निरोगी कानाला साधारण १ डेसिबलचा फरक कळतो. ६ डेसिबलही कळत नसेल तर मुलांच्या कानाला किंवा लक्षाला बोल लावू नका. फाइल आणि हेडफोन यांच्या मध्ये कोणीतरी तो फरक खातंय. टोनच्या सुरुवातीला-शेवटाला १० मिलिसेकंदांचा चढ-उतार, दोन्ही चॅनेल, हे सगळं तुम्ही केलेलं असणार, त्यात शिरत नाही.

आधी त्या ७० बद्दल. प्राट फाइलमधल्या आकड्यांना पास्कल समजतं आणि २० मायक्रोपास्कलच्या संदर्भाने डेसिबल काढतं. त्यामुळे अधिक-उणे १ पर्यंत, म्हणजे फाइलच्या पूर्ण मर्यादेपर्यंत, जाणारी सायन लहर त्याला ९१ डेसिबलची दिसते. तुमचा ७० चा टोन म्हणजे त्या लहरीपेक्षा २१ डेसिबल खाली, एवढाच त्याचा अर्थ. कानाशी किती पोचतं ते साउंडकार्ड, व्हॉल्यूमचा सरकपट्टा आणि हेडफोन ठरवतात. प्रबंधात ‘७० डीबी एसपीएल’ (कानाशी पोचणारी खरी ध्वनिदाब-पातळी) लिहायचं असेल तर कपलर (हेडफोन मापकाला जोडणारी, कानाची जागा घेणारी पोकळी) आणि ध्वनिपातळीमापक लागतोच, त्याला पर्याय नाही. (बोलण्याची फाइल ८० च्या आसपास बसवली तर टोकं छाटली जाऊ शकतात. जतन करताना प्राट इशारा देतं, तो वाचा.)

आता मुख्य मुद्दा. विंडोजमध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ (ध्वनिसुधारणा) असतात, आणि बऱ्याच ड्रायव्हरांत त्यातच ‘लाउडनेस इक्वलायझेशन’. ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठा खाली दाबतं. सिनेमा बघणाऱ्याला ते सोयीचं असेल, पण तीव्रतेचा प्रयोग त्याने पार नासतो, कारण जो फरक मोजायचा तोच ते मिटवतं. आमच्या लॅबमधल्या काही संगणकांवर ते चालू होतं, काहींवर नव्हतं. आम्ही बंद करायचो आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चालू, कारण तेव्हाच्या आमच्या संस्थेतला संगणक विभाग प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना विंडोज आणि सेटिंग यांची ठरलेली एकच प्रत त्यावर चढवायचा.

तक्रार केली. विभागाचा माणूस आला, स्पीकर लावून एक गाणं वाजवलं आणि ‘आवाज येत आहे’ असा शेरा मारून तक्रार निकाली काढली. आलेख जोडून पुन्हा पत्र दिलं. एका लॅबसाठी वेगळी सेटिंग ठेवता येत नाही, असं उत्तर आलं. बाहेरचं साउंडकार्ड जोडायची परवानगी मागितली तर ते खरेदी विभागाकडे बोट दाखवायचे आणि खरेदी विभाग त्यांच्याकडे. या सगळ्यात त्या मुलीने गोळा केलेली माहिती टाकून द्यावी लागली, कारण कोणता श्रोता कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर बसला त्यावर तिचे निकाल हलत होते. तिचं काम चोख होतं. सेटिंगमधली एक खूण काढायला नकार देणाऱ्यांना त्याची झळ बसली नाही, तिला बसली. याचा राग मला अजून येतो.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अशा विभागाकडे ‘आवाज नीट करा’ म्हणून जाऊ नका. ‘अमुक क्रमांकाच्या संगणकांवर ध्वनिसुधारणा बंद असलेली वेगळी प्रत हवी’ असं नेमकं लिहा, विभागप्रमुखांची सही घ्या आणि मोजलेले आकडे जोडा. ॲडमिनचा पासवर्ड मागितला की ते बिथरतात. त्यापेक्षा नेटवर्कशी न जोडलेला एक जुना संगणक मागा. तो मिळण्याची शक्यता जास्त, आणि प्रयोगाला तोच बरा.

आकडे कसे मोजायचे? २५० हर्ट्झचा टोन घ्या, १०-१० डेसिबलने उतरत जाणाऱ्या पायऱ्या करा, प्रत्येक पायरी काही सेकंद लांब ठेवा. हेडफोनच्या छिद्रातून निघणारा व्होल्टेज मल्टिमीटरने पाहा. १० डेसिबलला व्होल्टेज ३.१६ पट बदलला पाहिजे, २० ला १० पट. पायऱ्या यापेक्षा चपट्या आल्या तर चोर सापडला. बाजारातल्या अगदी स्वस्त मीटरमध्ये बहुधा एसीची सगळ्यात खालची पायरी २०० व्होल्टची असते, त्यावर काही दिसणार नाही. मिलिव्होल्ट दाखवणारा घ्या. २५० हर्ट्झ यासाठी की साधे मीटर वरच्या कंपनसंख्येला भरवशाचे नसतात. पुढचं-मागचं जॅक बदललं की विंडोज ते वेगळं उपकरण धरू शकतं आणि सुधारणा पुन्हा चालू झालेली असते, हेही पाहून घ्या.

बाहेरचं यूएसबी साउंडकार्ड, त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर आणि एएसआयओ (प्रोग्रामला थेट साउंडकार्डशी जोडणारी सोय), एवढं जमलं तर विंडोजचा मिक्सर बहुतेक वेळा मधून निघूनच जातो. ब्लूटूथ हेडफोन प्रयोगाला नकोतच. आणि नमुना-दर (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने, तो आकडा) जुळवा: ४४१०० ची फाइल कुठल्या प्रोग्रामने ४८००० समजून वाजवली तर १००० हर्ट्झचा टोन १०८८ होतो.

ध्वनी तयार करायला कोणती साधनं वापरावीत असं विचारलंत म्हणून सांगतो. ऑडॅसिटी वर्गात दाखवायला उत्तम: टोन, पांढरा आणि गुलाबी गोंगाट, स्पेक्ट्रोग्राम, सगळं दोन क्लिकवर. पण प्रयोगाचे ध्वनी त्यात हाताने करू नयेत असं माझं ठाम मत आहे. निर्यात करताना ते डिफॉल्टने डिदर (अगदी हळू गोंगाट) मिसळतं, आणि सहा महिन्यांनी आपण नेमकं काय केलं होतं ते सांगता येत नाही. ऑक्टेव्ह किंवा पायथॉनमध्ये पन्नासेक ओळींची स्क्रिप्ट लिहा, दोन्ही फुकट आहेत. प्राटचीही स्क्रिप्ट होते. उंबरठ्याजवळचे हळू टोन करणार असाल तर १६ बिटवर थांबू नका: पूर्ण मर्यादेच्या ८० डेसिबल खाली १६ बिटमध्ये लहरीची उंची जेमतेम तीन पायऱ्यांची उरते. २४ बिट वापरा, किंवा ॲटेन्युएटर (आवाजाची पातळी उतरवणारं उपकरण) बाहेर लावा.

थोडं विषयांतर. व्यंजनांच्या आकलनाचं प्रात्यक्षिक करणार असाल तर कृपा करून इंग्रजीतली ब-पची तयार मालिका उचलू नका. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली घोषारंभ-काळ (व्यंजनाचा स्फोट आणि स्वरतंतूंच्या कंपनाची, म्हणजे घोषाची, सुरुवात यांच्यातलं अंतर) मोजला त्या ११ भाषांत मराठी होती. ब, प, फ त्या एका मोजमापाने बऱ्यापैकी सुटे होतात, पण भ आणि ब त्याने वेगळे होत नाहीत. आपल्या मुलांना हे स्वतःच्या कानाने कळलं पाहिजे. वर्गातल्याच कोणाचा तरी आवाज घ्या आणि प्राटमध्ये स्फोट नि घोष यांच्यातलं अंतर बदलत जा. ‘पळ’ आणि ‘फळ’पासून सुरुवात करा, मात्र बोलणारा फ ओठ-दात लावून म्हणत नाही ना, ते आधी ऐकून घ्या.

मी ध्वनिमापन प्रयोगशाळेचा माणूस नाही. वरचं सगळं शिकवण्यासाठी आणि संशोधनाच्या तयारीसाठी आहे. रुग्णाची तपासणी मापांकन केलेल्या ऑडिओमीटरवरच करायची, लॅपटॉपवर नाही. तुमच्या दोन्ही संगणकांचे व्होल्टेजचे आकडे इथे टाका, साउंडकार्डचा ड्रायव्हर कोणता तेही लिहा, मग पुढचं बघू.