लॅपटॉप आधी परत द्या

प्रश्न : माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एम-3ची (गणिताच्या पेपरची) केटी राहिली आहे. वर्षभर लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नादाला लागलाय. वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी लिहिलेला सारखाच कोड एका ठिकाणी आणतो म्हणे. मी त्याचे मेल पाहिले. लिहिल्या 12 ओळी, खोडल्या 140. परदेशातल्या लोकांनी तीन वेळा चुका काढून परत पाठवलं, शेवटी तर 'एस390वर बिल्ड मोडतंय' म्हणाले. त्याच्या आतेभावाने एआयचा कोर्स करून पुण्यात 9 लाखांचं पॅकेज घेतलं. लॅपटॉप सध्या माझ्या कपाटात आहे. मी बँकेत असतो, मला यातलं कळत नाही. गेट, सी-डॅक की एआय? त्याला जरा समजावून सांगा.
– एक पालक, सांगली

उत्तर : समजवायचंच तर आधी तुम्हाला समजवायला हवं. 'मला यातलं कळत नाही' असं लिहिता आणि त्याच पत्रात पोराला नापासही करून मोकळे होता. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचे मेल त्याच्या माघारी वाचायचे, लॅपटॉप कपाटात ठेवायचा आणि वर आतेभावाचं पॅकेज ऐकवायचं, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. गंमत म्हणजे कर्नलचा हा सगळा पत्रव्यवहार उघड्यावरच चालतो. विचारलं असतं तर त्यानेच बसून दाखवला असता. आता तो तुम्हाला काही दाखवेल का, याची मला त्या केटीपेक्षा जास्त काळजी वाटते.

तीन वेळा परत आलं म्हणजे तीन वेळा जाणत्या माणसांनी वेळ काढून त्याचं काम वाचलं. मुरलेल्या लोकांचे पॅचही (कोडमध्ये सुचवलेले बदल) चौथ्या-पाचव्या आवृत्तीपर्यंत जातात. आणि एस390 म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमचं, म्हणजे प्रचंड मोठ्या कॉम्प्युटरचं, आर्किटेक्चर (प्रोसेसरची जात). 'बिल्ड मोडतंय' म्हणजे त्या यंत्रासाठी कोड तयारच होत नाही. जगातल्या कितीतरी मोठ्या बँकांचे व्यवहार असल्या यंत्रांवर होतात. तुमचा मुलगा सांगलीत बसून अशा यंत्राचा कोड बिघडू नये म्हणून धडपडतोय, जे त्याने डोळ्यांनी पाहिलेलंही नाही.

आता त्या 140 ओळींबद्दल. खोडलं म्हणजे काम कमी केलं, हा तुमचा समज मुळापासून चुकीचा आहे. तुमच्या बँकेत प्रत्येक शाखेने व्याजाचं गणित आपापल्या पद्धतीने ठेवलं असतं, तर एका शाखेत सुधारलेली चूक दुसरीत तशीच राहिली असती. कर्नलमध्ये नेमकं हेच झालं होतं. इंटेल-एएमडीच्या 32 बिट प्रोसेसरचा कोड एका फोल्डरमध्ये, 64 बिटचा दुसऱ्यात, आणि दुसरा बराचसा पहिल्यावरूनच उतरवलेला. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार या कर्नल डेव्हलपरांनी ते एकत्र आणले. जानेवारी 2008च्या 2.6.24 आवृत्तीत ते आलं. आधी फायली नुसत्या शेजारी आणून ठेवल्या, नावांना 32 आणि 64 अशा शेपट्या लावल्या, आणि मग एकेक जोडी तपासत सावकाश एक केली. तो कोड तेव्हा सांभाळणारे अँडी क्लीन याच्या विरोधात होते. जुन्या यंत्रांची लफडी स्वच्छ 64 बिट कोडमध्ये कशाला, हा त्यांचा मुद्दा काही अगदीच चूक नव्हता. कारण खरी मेख तिथेच आहे: कुठला फरक निव्वळ कॉपी-पेस्टमुळे पडलाय आणि कुठला प्रोसेसरच वेगळा म्हणून आहे, हे ओळखायचं. एक्स86वर, म्हणजे याच इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, एका कोअरने लागोपाठ लिहिलेल्या दोन गोष्टी दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतात; मोबाइलमध्ये असतात त्या आर्म प्रोसेसरवर तशी हमी नाही, तिथे मध्ये बॅरिअर (क्रम पाळायला लावणारी सूचना) टाकावा लागतो. ती एक ओळ फालतू समजून उडवली, तर एक्स86वर सगळं सुरळीत चालेल आणि आर्मवर कधीतरी, कुणाला पत्ता न लागता, डेटा बिघडेल. हे कळायला दोन्हीकडचा कोड आणि प्रोसेसरची मॅन्युअल वाचावी लागतात. 2018 साली 4.17 आवृत्तीत आठ जुनी आर्किटेक्चर काढून टाकली, जवळजवळ 5 लाख ओळी गेल्या. ते काम करणाऱ्या आर्न्ड बर्गमन यांना 'तुम्ही लिहिलं किती?' असं कुणी विचारलं नाही.

गेट एम.टेक. करायचं असेल तरच द्यावी. सी-डॅकचा डिप्लोमा पदवीनंतर, आणि केलाच तर नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या 'डॅक'ऐवजी एम्बेडेडचा, म्हणजे यंत्रात बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरचा, 'डीईएसडी'. एआयचा कोर्स कुठे पळून जात नाही.

मुलालाही दोन शब्द. बाबा रे, या कामाच्या नोकऱ्या थोड्या आहेत: पुण्यात रेड हॅट, बंगळुरात आयबीएम, बाकी बंगळूर-हैदराबादच्या चिप कंपन्या. फ्रेशरला त्या सहज मिळत नाहीत. रेझ्युमेत 'लिनक्स कर्नलमध्ये योगदान' असं मोघम लिहू नकोस. स्वीकारल्या गेलेल्या पॅचची शीर्षकं लिही. आणि नुसत्या एकत्रीकरणावर थांबू नकोस, एखादा खरा बग शोधून मुळापर्यंत जा. इंटरव्ह्यूमध्ये विचारतील ते तेच.

एम-3 मात्र या खेपेला काढच. केटी शिल्लक असेल तर बऱ्याच कंपन्या कॅम्पसला बसूच देत नाहीत, तिथे तुझा पॅच कुणी उघडूनही बघणार नाही. कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. ही हुकली तर पुढच्या वेळी पाठव, पेपरसाठी थांबलास म्हणून तिथे कुणी नाव ठेवत नाही.