आधी छिद्रं रिकामी कर

मॉफच्या (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनवलेल्या सच्छिद्र पदार्थांच्या) शोधाला नोबेल मिळालं म्हणून तिकडे वळतोयस, छान! पण नवा पदार्थ शोधायची घाई नको. आधी एचकेयूएसटी-१ हा मॉफ बनव. तांब्याचा, १९९९ पासूनचा, सगळ्यांनी पिंजून काढलेला पदार्थ. चुकलं तर कुठे चुकलं ते लगेच कळतं.

माझी पहिली खेप सुरेख आकाशी होती. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) झकास, म्हणून तशीच बीईटीला (वायू शोषवून छिद्रांसकट पृष्ठफळ मोजणाऱ्या चाचणीला) दिली. क्षेत्रफळ आलं जेमतेम. छिद्रांत बनवतानाचा द्रावक ठासून भरलेला! मग मिथेनॉल बदलत तीन दिवस भिजवली, निर्वातात तापवली, तेव्हा पावडर डोळ्यांदेखत गडद जांभळट झाली. तो रंग दिसला की समज, जागा मोकळी झाली. बाटली उघडी राहिली तर हवेतलं पाणी पिऊन परत फिकी पडते.

बाकी एवढंच सांभाळ:

- ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद भांडं) दोन तृतीयांशाच्या वर भरू नकोस. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचा नाही, कितीही उत्सुकता असली तरी.
- नमुन्याचं वजन डीगॅस (तापवून, निर्वातात छिद्रं रिकामी) झाल्यानंतरचं धर. नवखे हमखास इथेच फसतात.
- एकदा जमलं म्हणजे जमलं नाही. तीन खेपा जुळू देत.

हायड्रोजन साठवण, सिम्युलेशन वगैरे नंतर बघू. पहिला आयसोथर्म (एका तापमानाला दाबागणिक किती वायू शोषला त्याची वक्ररेषा) आला की आलेख घेऊन ये.