वाचक विचारतात : खारेपाटावरची दोन पुस्तके

अलिबाग तालुक्याच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात वाढलेल्या आणि तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या आमच्या एका लेखिकेची दोन पुस्तके येत असल्याची बातमी गेल्या अंकात दिली होती. एक कादंबरी आहे आणि दुसरे खारभूमीच्या इतिहासाचे पुस्तक. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आणि लेखिकेने दिलेली उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आपण एकाच विषयावर कादंबरी आणि इतिहास अशी दोन पुस्तके का लिहिलीत? सारे एकाच पुस्तकात मावले नसते का? (एक शिक्षिका, पेण)

उत्तर : सुरुवातीला एकच पुस्तक होते, आणि ते इतिहासाचे होते. खाडीचे पाणी अडवून भातशेती करणाऱ्या गावांची हकीकत कागदपत्रांवरून लिहावी, एवढाच माझा विचार होता. नोकरीची सारी वर्षे सातबारा आणि फेरफार लिहिण्यात गेल्यामुळे कागद वाचण्याची सवय होती, आणि कागद भरपूर मिळालेही. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये शिलोत्री, म्हणजे बांध घालून खाडीपासून मिळवलेल्या जमिनींची माहिती आहे. १९३३ साली चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेला आणि १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप आहे. खोती, म्हणजे गावाचा सारा खोतामार्फत वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेले विधेयक आहे, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आहे, आणि खारभूमीविषयीचे १९४८ व १९७९ चे कायदे आहेत. एवढ्या सामग्रीवर एक पुस्तक सहज उभे राहते.

परंतु या कागदांत बायका नाहीत. सातबारावर नाव पुरुषाचे, कुळाच्या रकान्यात नाव पुरुषाचे आणि गावकीच्या सभेच्या वहीत अंगठेही पुरुषांचे. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बाहेरचा बांध, फुटल्यावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चिखलाची ढेकळे हातोहात पुढे देणाऱ्या, घरातले भात संपले म्हणून संपाच्या वर्षांत डोंगरातून लाकूडफाटा आणून विकणाऱ्या बायकांविषयी मला जे समजले, ते संध्याकाळी ओटीवर बसल्यावर समजले. त्यातील निम्मे सांगून झाल्यावर त्या म्हणत, “हे लिहू नको गो बाय.” मी ते लिहिले नाही. येथे एक गैरसमज दूर करते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट नाव बदलून कादंबरीत घालणे हा मला सभ्य मार्ग वाटत नाही, कारण गावात नाव बदलल्याने कोणी फसत नाही. जे परवानगीने सांगितले ते इतिहासाच्या पुस्तकात आले आहे. जे सांगू नको म्हणून सांगितले ते माझ्यापाशीच राहिले आहे. या दोन्हींच्या मध्ये जी मोकळी जागा उरली, म्हणजे अशा रात्री अशी बाई काय विचार करत असेल हा प्रश्न, त्या जागेत कादंबरी लिहिली गेली.

प्रश्न : माझे आजोबा संपात होते. तुमच्या कादंबरीतील माणसे आमच्यापैकीच आहेत, असे गावात बोलले जाते. हे खरे आहे का? (एक शेतकरी, चरी परिसर)

उत्तर : आपले आजोबा कादंबरीत नाहीत, परंतु इतिहासाच्या पुस्तकात असू शकतील. कादंबरीतले गाव नकाशावर सापडणार नाही. ते मी खाडीच्या अशा वळणावर ठेवले आहे जेथे प्रत्यक्षात तिवरांशिवाय काही नाही. गावाची उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडण्याचे दार, कोणत्या बाजूला, तळ्यात जिताडा मासा कोणी सोडला, रहू, म्हणजे मोड आणलेले भात, टाकायला पहिले शेत कोणाचे, हे सारे नव्याने ठरवले. तरीही लोक आपापली माणसे शोधतीलच आणि एखाद्याला ती सापडतीलही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : इतिहासाला पुरावा लागतो हे समजते, पण कादंबरी तर कल्पनेची. तिच्यासाठी एवढा वेळ कशाला लागला? (एक वाचक, गिरगाव, मुंबई)

उत्तर : आपल्याला आश्चर्य वाटेल, पण तपासणीचा अधिक जाच कादंबरीनेच केला. तिच्यातील एका प्रकरणात मध्यरात्री बांधाला खांड पडते. ती रात्र मी अष्टमीची योजली होती, कारण चिखलावर अर्ध्या चंद्राचा उजेड मला हवा होता. थळच्या एका कोळीदादांना ते प्रकरण वाचून दाखवत असताना त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि तिथीची पाऊणपट करायला सांगितली. किनाऱ्यावरच्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते, आणि पुढच्या तिथींना तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, तर अष्टमीला सहा वाजता. म्हणजे माझ्या कादंबरीतल्या मध्यरात्री पाणी ओसरून खाडीचा तळ उघडा पडलेला असणार होता. शिवाय अष्टमीला भांग असतो, त्या भरतीला उधाणाचा जोर नसतो. बांध फुटायला पाणीच नव्हते, आणि मी मात्र तीस पानांचा आकांत लिहून बसले होते.

प्रकरण अमावास्येवर नेले, तेव्हा चंद्र गेला. कोणालाही काही दिसेना. मग खेकड्यांच्या बिळांतून आत शिरणाऱ्या पाण्याची गुळगुळ, मोठा ढिगारा सुटतानाचा आवाज, अंधारात एकमेकींना घातलेल्या हाका, असे सारे ऐकू येणाऱ्या गोष्टींवर नव्याने बेतावे लागले. त्याला पूर्ण पावसाळा गेला. ते प्रकरण आता पुस्तकातील सर्वांत बरे प्रकरण आहे, असे माझे मत आहे. त्याचे श्रेय कोळीदादांना दिलेले त्यांना आवडले नाही, म्हणून ऋणनिर्देशात त्यांचे नाव नाही.

प्रश्न : कादंबरीतील संवाद आगरी बोलीत आहेत असे वाचले. इतर जिल्ह्यांतील वाचकांना ते कळतील का? (एक ग्रंथपाल, रत्नागिरी)

उत्तर : निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद बोलीत आहेत. शब्दसूची द्यावी असा प्रकाशकांचा आग्रह होता, तो मी मान्य केला नाही. दहा-बारा पाने वाचली की कानाला सवय होते, असा माझा अनुभव आहे. खरा तंटा मुद्रितांच्या वेळी झाला. आमच्याकडे ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोला’ होतो आणि ‘गाडी’ची ‘गारी’ होते. मुद्रितशोधकांनी अत्यंत निष्ठेने पहिल्या तीन फर्म्यांतील (एक फर्मा म्हणजे सोळा छापील पाने) असा प्रत्येक शब्द दुरुस्त करून ठेवला होता, आणि त्यामुळे माझी माणसे अचानक आकाशवाणीवर बातम्या वाचू लागली होती. चूक त्यांची नव्हती, मी आधी सूचना द्यायला हवी होती. शेवटी अशा शब्दांची दोन पानी यादी करून दिली आणि यादीतील शब्दाला हात लावायचा नाही असे ठरले. इतिहासाच्या पुस्तकात याच मुद्द्यावर मी उलट वागले आहे. तेथे मुलाखती प्रमाण भाषेत आणल्या आहेत, कारण ज्यांनी सांगितले त्यांनीच तसे सुचवले. “कादंबरीत आम्ही कसे बोलतो ते दाखव, पण इतिहासात आमी शाळंत गेलाव नाय असा दिसू नको दे,” हे एका आजींचे म्हणणे मला पटले.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह तयार आहे. प्रकाशकांशी करार करताना काय पाहावे? (एक तरुण लेखक, मुरूड)

उत्तर : माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी काय पाहिले नाही, ते आधी सांगते. छापील नमुन्यावर ‘सर्व हक्क’ असे लिहिले होते आणि मी चहा पिता पिता सही केली. मुदत नव्हती, मानधनाच्या पुढे रेघ मारलेली होती. किती प्रती छापल्या आणि किती विकल्या, याचा हिशेब मला कधीच मिळाला नाही. दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद तपासणाऱ्या बाईने स्वतःचा कागद वाचू नये, हे आजही मला खटकते. त्या प्रकाशकांचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ आपण स्वतः वाचावे. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी व किती मानधनावर दिले हे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे लिहिलेले नसल्यास, तो संपतो. माझ्या दोन्ही पुस्तकांचे करार या वेळी वेगवेगळे आहेत. छापील पुस्तकाचा हक्क मी दिला आहे, परंतु अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क माझ्याकडे ठेवले आहेत. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के आणि हिशेब दरवर्षी मार्चअखेर, असे ठरले आहे. आपण स्वतःच पुस्तक काढणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेरा आकडी आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो. त्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास ते कशाचे, हे विचारावे.

प्रश्न : पुस्तके केव्हा आणि किती पानांची? (अनेक वाचक)

उत्तर : कादंबरी तेरा फर्म्यांची, म्हणजे २०८ पानांची आहे आणि ती दिवाळीनंतर येईल. इतिहासाचे पुस्तक अठरा फर्म्यांचे, २८८ पानांचे आहे. ते होळीच्या सुमारास येईल. दोन्हींच्या पहिल्या आवृत्त्या पाचपाचशे प्रतींच्या आहेत. नावे आणि किमती मुखपृष्ठे ठरल्यावर प्रकाशक जाहीर करतील, तोवर मला गप्प राहण्याची ताकीद आहे.

प्रश्न : चरीच्या संपाच्या काळात वडिलांनी मुंबईहून गावी लिहिलेली चार पत्रे आमच्या ट्रंकेत आहेत. आता उशीर झाला का? (एक वाचक, परळ)

उत्तर : उशीर झालेला नाही. इतिहासाच्या पुस्तकाचे शेवटचे दोन फर्मे संक्रांतीनंतर छपाईला जाणार आहेत आणि संपाच्या काळातील घरांविषयीचे परिशिष्ट त्यांतच आहे. मूळ पत्रे कृपया पाठवू नयेत. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी त्यांची छायाचित्रे काढावीत, पाकिटे असतील तर टपालाच्या शिक्क्यांसह काढावीत, आणि या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावीत. सोबत एक परवानगीपत्र लागेल. पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो, म्हणून आपल्याबरोबर आपल्या भावंडांच्याही सह्या त्यावर असाव्यात. आणि त्या चार पत्रांना गावाहून आलेली उत्तरे कोणी लिहिली होती, आईने सांगून दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतली होती का, हे घरात कोणाला आठवत असेल तर तेही अवश्य कळवावे.